सोलापूर, मंगळवेढा, कुडल, तेर: देव, ज्वारी आणि मन्याशी वाद

शुक्रवार

मन्याचं म्हणणं असं की इतिहास घडवतात ते पाणी, धान्य, लोखंड आणि पैसा, देवधर्म म्हणजे वरून मारलेला रंग. माझं म्हणणं त्याच्या अगदी उलट नाहीये, पण मला वाटतं की एखादी कल्पना लोकांच्या डोक्यात पक्की बसली की मग पाणी कुठं अडवायचं, धान्य कुणाला द्यायचं आणि पैसा कशावर उडवायचा हे सगळं तीच ठरवायला लागते. हा वाद कॉलेजपासून चालूय. म्हटलं सोलापूरला चल, तिथं दोन्ही बाजूंना पुरेल एवढा माल आहे. माझा मावसभाऊ, आमचा दादा, तिथंच असतो, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता आणि खरं सांगायचं तर वहिनींच्या हातची शेंगा चटणी हेही एक कारण होतंच.

संक्रांत होऊन आठवडा झालेला, म्हणजे गड्डा अजून चालू. बाहेरच्यांसाठी सांगतो, सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापुरात गड्डा यात्रा म्हणतात. होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भज्यांच्या गाड्या, खेळण्यांचे स्टॉल, धूळ आणि गर्दी. मुख्य विधी संक्रांतीच्या आसपासच उरकतात. नंदीध्वज म्हणजे त्या उंचच्या उंच सजवलेल्या काठ्या, सगळ्या मिळून सात, त्या पेलायला पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेली माणसं, आणि हा काठ्यांचा मान गावातल्या वेगवेगळ्या समाजांकडे पिढ्यान् पिढ्या वाटून दिलेला. मिरवणूक शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरते, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लग्न कुणाचं, तर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं, एका कुंभारकन्येशी. तिला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं, ते म्हणाले मी नाही करू शकत, माझ्या योगदंडाशी कर, अशी कथा. आम्हाला हे काही बघायला मिळालं नाही, पण दादा दर वर्षी जातो, त्याने एवढं रंगवून सांगितलं की बघितल्यासारखंच झालं.

तळ्याच्या काठाने चालत देवळात गेलो. सिद्धेश्वर मंदिर पाण्यात आहे, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी दिसते. सिद्धराम बाराव्या शतकातले. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. लहानपणी ते मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुनाच्या शोधात श्रीशैलला गेले, परत आले आणि कामाला लागले, लिंगं स्थापली, तळं खणलं. म्हणजे या माणसाची भक्ती सरळ फावड्यात उतरली. मन्या लगेच खूष, बघ शेवटी पाणीच ना.

पण थांब म्हटलं, गोष्ट पुढे आहे. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या कन्नड ग्रंथांत येते ती. शिवभक्त वचनकार अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलगीला आले तेव्हा खोदाईचं काम जोरात चालू होतं. त्यांनी येऊन विचारलं, कुठाय तो तुमचा वड्डर राम? वड्डर म्हणजे दगडमातीची कामं करणारा. आपल्या गुरूला असं बोलला म्हणून कामावरची माणसं दगड घेऊन धावली. मग सिद्धराम स्वतः आले, आणि दोघांचं जे बोलणं झालं त्याचा गाभा असा की तळं खणून पुण्य मिळतं हे ठीक, पण खणणाऱ्याला आत काही कळलंय का? त्यानंतर सिद्धराम कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर बाळगायच्या छोट्या लिंगाची दीक्षा घेतली आणि पुढे शून्यसिंहासनावर, म्हणजे तिथल्या अनुभवमंटपाच्या प्रमुखपदी बसलेल्यांत त्यांचं नाव येतं.

कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. तिथं कलचुरी बिज्जळाच्या राज्यात बसवण्णा, म्हणजे बसवेश्वर, मोठ्या हुद्द्यावर होते, आणि तिथल्या अनुभवमंटपात दोरखंड वळणारा नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, चामड्याचं काम करणारे, अक्कमहादेवी अशी सगळी मंडळी बसून परमेश्वरावर वाद घालायची, तेही संस्कृतात नाही, रोजच्या कन्नडात. इष्टलिंग गळ्यात आलं की देऊळ लागत नाही, देऊळ लागत नाही म्हटलं की दारावरच्या माणसाची परवानगी लागत नाही. हे वाक्य मला बोलायला दोन सेकंद लागले पण बाराव्या शतकात हे बोलणं म्हणजे केवढा उद्योग होता! ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि समगार म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्या हरळय्याचा मुलगा यांचं लग्न लागलं, दोन्ही बापांना देहदंड झाला, कल्याणमध्ये रक्तपात झाला, ११६७-६८च्या सुमारास बिज्जळ मारला गेला, शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरची ही मंडळी, चहूकडे पांगले. कलचुरींचं राज्य पुढच्या वीसेक वर्षांत संपलं. पांगलेल्या लोकांनी वचनं, म्हणजे शरणांच्या कन्नड रचना, मात्र सांभाळून नेली आणि आज महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या किती घरांत सकाळी लिंगपूजा होते ते सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत बघा.

मन्या म्हणाला, देऊळ लागत नाही म्हणणाऱ्यांच्याच देवळाच्या रांगेत आपण उभे आहोत. बरोबर आहे. मला यावर फार चांगलं उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. रांग पुढे सरकली एवढंच. आवारात सिद्धरामांची समाधी आहे, तिथं मात्र तो स्वतःहून पाच मिनिटं बसला.

किल्ल्यात जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत, कोरीव खांब उन्हात उघडे पडलेत. देव नंतर बाळीवेशीत गेले. बहमनी, आदिलशाही, मुघल, पेशवे, इंग्रज सगळे या किल्ल्यात राहून गेले. बाहेर पडल्यावर भजी खाल्ली, फार तेलकट.

शनिवार

सकाळी दादाच्या गाडीने मंगळवेढा रोड. दादा गाडी चालवताना मराठीतून सुरू करतो, फोनवर कन्नडात जातो आणि समोरच्या ट्रकवाल्याला हिंदीत शिव्या घालतो, सोलापुरात हे नॉर्मल आहे.

वाटेत माचणूरला थांबलो. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, खाली दगडी घाट, बाजूला औरंगजेबाच्या काळातली गढी. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने १६९५ ते १६९९ मुक्काम ठोकला होता, अख्खी चालती-बोलती राजधानी या नदीकाठी पसरली होती. आणि याच्या दहा वर्षं आधी, १६८५ला, तिकडे विजापूरला वेढा पडत होता आणि इकडे देहूत तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला निघाले होते. एकाच वर्षी! दक्षिण जिंकायला निघालेल्या बादशहाच्या लाखोंच्या फौजेचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. पालखी अजून निघते. मी हे जरा जास्तच रंगात येऊन बोललो असणार कारण दादा म्हणाला, ‘का बे, कीर्तन लावलंय का? गाडीत बस, हुरडा थंड होईल.’

हुरडा म्हणजे मंगळवेढ्याच्या अलीकडे दादाच्या मित्राच्या शेतात. इथली जमीन म्हणजे काळीभोर, खोल, भेगाळलेली. पाऊस कमी पण माती ओल धरून ठेवते म्हणून रब्बीची ज्वारी येते, मालदांडी, जीआय मानांकन मिळालेली. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसलेली. शेतावरच्या काकांनी एक कणीस काढलं, राख झटकली आणि गरम गरम तळहातावर घेऊन असं चोळलं की हिरवे दाणे घोंगडीवर पडले आणि कूस वाऱ्यावर गेलं. मी करून बघितलं तर हात पोळला आणि अर्धे दाणे कणसालाच. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. मन्याने बोलणं बंद केलं, असं फार कमी वेळा होतं.

काका म्हणाले, ‘हे दामाजीचं गाव. इथं कुणाला उपाशी पाठवत नाहीत.’

दामाजीपंत बिदरच्या बहमनी सुलतानाकडून मंगळवेढ्याचे अधिकारी, कोठारं त्यांच्या ताब्यात. पंधराव्या शतकातला दुष्काळ, माणसं पाचोळ्यासारखी मरत होती, आणि या माणसाने सरकारी कोठार वरून परवानगी न घेता उघडलं. सुलतानाने पकडून आणायला माणसं पाठवली. मग कथा अशी की खुद्द विठ्ठल विठू महार बनून बिदरला गेला आणि धान्याचे सगळे पैसे भरून पावती घेऊन आला. पावतीची गोष्ट मला फार आवडते, देवाला पण हिशेब क्लिअर करून पावती घ्यावी लागली.

मन्याला म्हटलं आता बोल, धान्य होतंच की, कोठार भरलेलं होतं. तुझ्या हिशेबाने धान्य इतिहास घडवतं. पण कुलूप कशाने उघडलं? तो म्हणाला एका भल्या माणसाने. मी म्हटलं त्या भल्या माणसाला नोकरी आणि मान दोन्ही पणाला लावताना कुणाची भीती वाटली नाही आणि कुणाची वाटली, ते बघ. सुलतानापेक्षा मोठा कुणीतरी हिशेब विचारणार आहे ही कल्पना त्याच्या डोक्यात कुठून आली? तर याच मातीतून. बसवण्णाही कल्याणला जायच्या आधी इथंच होते असं परंपरा सांगते, बिज्जळ मांडलिक होता तेव्हा त्याचं ठाणं मंगळवेढ्याला होतं. दासोह, म्हणजे कमावलेलं वाटून खायचं, हे शरणांनी सांगितलं. वारकऱ्यांनी वेगळ्या शब्दांत तेच. एका छोट्या तालुक्याच्या गावात शे-दोनशे वर्षांच्या अंतराने एकावर एक थर.

आणि याच गावात चोखोबा. वेशीची भिंत बांधायच्या कामावर वेठीला धरलेले मजूर, १३३८ साली भिंत कोसळली, खाली चिरडून गेले, त्यात चोखामेळा. नामदेव अस्थी शोधायला आले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं ती त्यांनी वेचली आणि पंढरपूरला नेली, ही कथा लहानपणी ऐकली होती तेव्हा हाडांचा चमत्कार डोक्यात राहिला होता. आता गावात उभं राहून डोक्यात आलं ते वेगळंच. दामाजीच्या कथेत देव महाराचं रूप घेतो, दरबारात जातो, सगळे त्याचं कौतुक करतात. आणि खरा महार, ज्याचे अभंग आजही गातात, तो जिवंतपणी देवळाच्या आत जाऊ शकला नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आणि दोन्ही आपण तितक्याच प्रेमाने सांगतो, हे मला त्या दुपारी जरा जड गेलं.

पंढरपूर पंचवीस किलोमीटरवर. एकादशी नव्हती तरी गर्दी होतीच. महाद्वारात नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे इथल्या एका शिंप्याच्या पोराचा आवाज तिकडे रोज गुरुद्वारात घुमतो. एवढ्या लांब पोचलेली कल्पना, पण ही समोरची पायरी ओलांडायला तिला सहाशे वर्षं लागली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी इथं उपोषणाला बसले, १ तारखेला सुरू केलं, १० तारखेला सुटलं, तेव्हा कुठे हरिजनांना विठ्ठल मंदिर उघडलं गेलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

मन्या म्हणाला, म्हणजे शेवटी कायदाच लागला. मी म्हटलं कायदा लागलाच, पण देवळात जाण्याचा हक्क मागायला बळ कुठून आलं? ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याचेच अभंग आत पाचशे-सहाशे वर्षं गायले जात होते, कधी ना कधी गाणाऱ्याला लाज वाटणारच होती. तो म्हणाला सहाशे वर्षं लाज वाटायला लागतात तर त्या विचारात दम कमी आहे. इथं मी त्याला अर्धे मार्क देतो. आंबेडकरांनी १९३५ला येवल्यात धर्म सोडायची घोषणा का केली याचं उत्तरही त्याच्या वाक्यात आहे. आणि तेव्हाही बाबासाहेबांनी धर्म ही गोष्टच फेकून दिली नाही, १९५६ला बुद्धाकडे गेले, हे उरलेले अर्धे मार्क माझे.

दर्शनाला साडेतीन तास लागले. पायावर डोकं ठेवायला दोन सेकंद मिळतात, मागून ढकलतातच.

रविवार

हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून फार लांब नाही पण रस्त्याने हाडं खिळखिळी केली. भीमा आणि सीनेचा संगम, वर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन देवळं. हरिहरेश्वराकडे ते बहुमुखी शिवलिंग आहे, एका मोठ्या दगडावर ओळीने ३५९ छोटी मुखं कोरलेली, आणि अख्खं लिंग धरून ३६०. मी अगदी जवळ जाऊन बघितलं, बहुतेक चेहरे झिजलेत, पण काही ओळींत अजून ओठांची रेघ आणि जटा वेगळ्या दिसतात. कुणी एका कारागिराने ओळीतला दोनशेवा चेहरा कोरताना काय विचार केला असेल, की फक्त संध्याकाळची भाकरी?

संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईवर मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं वर्ष शके ९३४ धरणारे त्याला पहिला म्हणतात, तो वाद तज्ज्ञांवर सोडू. शेवटी लिहिलंय, ‘वाछि तो विजेया होईवा’, वाचेल तो विजयी होईल. मन्याने लगेच मोठ्याने वाचलं आणि म्हणाला चला, वाद मी जिंकला.

घाटावर बसून डबा खाल्ला, कडक भाकरी, शेंगा चटणी, वांग्याची भाजी. हीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला जाते. तिथं १९८६ साली चंद्रलांबा मंदिराच्या आवारातल्या कालिकेच्या देवळाचं छत पडलं, आणि मूर्तीच्या खालचा दगड बघतात तर त्यावर अशोकाचे आदेश कोरलेले! कितीतरी शतकं देवी सम्राटाच्या आदेशावर उभी होती आणि कुणाला पत्ता नव्हता. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजाराणीचं शिल्प आहे, त्यावर ब्राह्मीत राजा अशोकाचं नाव आहे. ज्याने कलिंग युद्धानंतर युद्धाचा पश्चात्ताप दगडावर कोरून जाहीर केला, असा राजा जगात त्याच्या आधी मला तरी माहीत नाही. मौर्य त्याच्यानंतर पन्नासेक वर्षांत संपले, पण बुद्धाचा विचार श्रीलंका, मध्य आशिया, चीन, जपान करत गेला.

मन्याने यावर चांगला मुद्दा काढला. म्हणाला, तो विचार चालत नाही गेला, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गेला. विहारांना दान देणारे शेठ-सावकार होते. हे खरंच आहे, कार्ले-नाणेघाटाच्या भागातले लेख वाचले तर दान देणाऱ्यांत व्यापारी, सुतार, गंधी असे सगळे दिसतात. पण मग मी विचारलं, नफा झालेला व्यापारी डोंगरात लेणं का खोदून घेतो? त्या पैशाचा अजून एक बैलांचा तांडा का नाही घेत? यावर त्याने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. म्हणजे विचार चालू आहे.

संध्याकाळी शहरात परत. पूर्व भागातून गाडी घेतली, तिकडे पाट्या तेलुगूत दिसायला लागतात. १८७७ला पहिली कापड गिरणी निघाली, नंतर आणखी, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, येताना आपलं दैवत मार्कंडेय घेऊन आले, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. मन्याचा आर्थिक सिद्धांत इथं एकदम फिट बसतो आणि मी ते मान्य केलं. गिरण्या नसत्या तर मार्कंडेय सोलापुरात आले नसते. मात्र गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि रथ अजून निघतो, हेही सांगितलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला चौघांना येरवड्यात फाशी. चार नावं वाचली की सोलापूर कशाकशाचं बनलंय ते कळतं.

सोमवार

तेरला जायचा हट्ट माझा. धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी. आज साधं गाव, पण पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात याचं नाव तगर म्हणून येतं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, इथलं कापड बैलगाड्यांनी भडोचला जायचं आणि तिथून रोमकडे. म्युझियममधला हस्तिदंती बाईचा पुतळा बघाच, तसलाच एक पाँपेईच्या राखेत सापडलाय.

गावातलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे, मागची बाजू गोल, वर घोड्याच्या नालेसारखं छत, थेट बौद्ध चैत्यासारखं. पुष्कळ अभ्यासक ते मुळात चैत्यच मानतात. आत आता तीन पावलांत विश्व मोजणारा विष्णू. पुजारीकाकांना विचारलं, आधी इथं बुद्ध होते म्हणतात? ते म्हणाले, ‘असतील की. घर रिकामं ठेवत नाहीत हो.’ एवढं बोलून समई पुसायला लागले.

तिथून गोरोबाकाकांच्या समाधीला. संतांच्या मेळ्यात कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं हे थापटण्याने डोक्यावर मारून बघणारे कुंभार, ज्यांनी नामदेवांनाच कच्चं ठरवलं. रोमचा व्यापार आटला, तगर विसरलं गेलं, तरी लोक या गावात अजून येतात ते एका कुंभारासाठी. मी मन्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘बघू नको असा. येतात म्हणून तर हॉटेल चालतंय, चहा सांग दोन.’

आता सन्नती करायचं ठरतंय, उन्हाळ्याच्या आत. मन्याची अट आहे की त्या ट्रिपमध्ये शहाबादचं सिमेंट, फरशी आणि तिथल्या खाणीही बघायच्या, आणि सन्नतीला जेवढा वेळ तेवढाच खाणीला. दादा येतो म्हणालाय, पेट्रोल आम्ही टाकायचं.